खिडकीतला कप

खरं सांगायचं तर एन.एस.एस. मी समाजसेवेसाठी घेतलं नव्हतं. हॉस्टेलवर रविवारी सकाळी करण्यासारखं काही नसतं (मेसचा उपमा सोडला तर, आणि तोही खाण्यासारखा नसतोच!), म्हणून घेतलं. सेकंड इयरला सरांनी यादी वाचली : रक्तदान, वृक्षारोपण, आणि घाटकोपरला असल्फा टेकडीवरच्या मुलींसाठी एच.आय.व्ही. प्रतिबंधाचं काम. शेवटच्या नावाला वर्गात खसखस पिकली. माझा हात तरीही वर गेला. का, ते पुढे येईलच.

काम म्हणजे भाषण ठोकणं नव्हे. वस्तीतल्याच पंधरा-सोळा वर्षांच्या दोन-तीन मुलींना आधी तयार करायचं, मग त्यांनी आपापल्या मैत्रिणींशी बोलायचं. याला 'पिअर एज्युकेटर' म्हणतात. २०१४ साली सुरू झालेल्या सरकारच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातही हीच कल्पना आहे. डॉक्टरांसमोर या मुली तोंड उघडत नाहीत. घरी विचारावं तर 'हे तुला कुणी शिकवलं?' शाळेचं म्हणाल, तर २००७ मध्ये विधानसभेत गदारोळ होऊन आपल्या राज्यातल्या शाळांतलं लैंगिक शिक्षणच थांबवलं गेलं होतं. नळावर पाणी भरताना मात्र मैत्रिणीला काहीही विचारता येतं.

पहिल्या रविवारी मी जय्यत तयारीने गेले. केमिस्ट्री लॅबमधून मागून आणलेलं फिनॉल्फ्थॅलीन, बारा ग्लास, बाराजणी. एका ग्लासात धुण्याचा सोडा विरघळवलेला, बाकीच्यांत साधं पाणी. दिसायला सगळं सारखंच. (पिणे सक्त मना!) प्रत्येकीने दुसरीच्या पाण्यात आपलं पाणी मिसळायचं आणि निम्मं निम्मं वाटून घ्यायचं, असं तीन वेळा, दर वेळी जोडीदारीण नवी. मग ड्रॉपरने एकेक थेंब. एक, दोन, चार, आठ... बारापैकी आठ ग्लास गुलाबी! मुली किंचाळल्या. नुसतं बघून कळत नाही, टेस्टच करावी लागते, आणि लागण झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे टेस्टमध्येही दिसत नाही, हे मी ऐटीत सांगितलं.

तेवढ्यात मागून एकजण म्हणाली, "म्हणजे ताई, एका ग्लासातून पाणी प्यायलं की होतो ना? आई म्हणते तेच."

माझी बोलतीच बंद. नेमकं जे खोडून काढायला आले होते, तेच माझ्या खेळाने शिकवलं होतं. मी व्हायवासारखी सुरू झाले, "विषाणू म्हणजे..." आणि अडकले. 'शरीरसंबंध' हा शब्द तोंडातून बाहेरच पडेना. शेवटी आमची अकरावीतली पिअर एज्युकेटर उठली.

"ए, ग्लास म्हणजे ग्लास नाय गं. ग्लास म्हणजे माणूस. पाणी म्हणजे रक्त, नायतर संबंधाच्या वेळी अंगातून येतं ते. कंडोम नसला तर जातो, वापरलेल्या सुईतून जातो, औषध नाय घेतलं तर आईकडून बाळाला जाऊ शकतो. चहाच्या कपातून नाय, ताटातून नाय, संडासातून नाय, मच्छर चावून पण नाय. तू माझ्या प्लेटमधली पाणीपुरी खातेस ना? खा की!"

सगळ्या हसल्या. प्रश्न विचारणारी हसली नाही. नंतर ग्लास विसळायला ती थांबली, आणि माझ्याशी नाही, त्या अकरावीवालीशी बराच वेळ कुजबुजत राहिली. खाली मेट्रो स्टेशनकडे उतरताना मी विचारलं, "काय म्हणत होती गं?"

"ते तिचं आहे ना ताई."

एच.आय.व्ही.विषयीचा २०१७ चा कायदा मी नंतर वाचला. संमतीशिवाय कुणाची माहिती दुसऱ्याला सांगायची नाही, हे त्यात आहे. हिला तो कुणी वाचून दाखवला नव्हता.

आता हात वर का गेला ते. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या घरी काकूचा कप खिडकीत असतो. ताट, वाटी, कप सगळं वेगळं. काका गेले तेव्हापासून. (हे काकूला विचारूनच लिहितेय. "लिही, पण गावाचं नाव नको," म्हणाली.) लहानपणी आजी सांगायची, "त्या कपाला हात लावायचा नाही," आणि मी लावला नाही. पुढे सगळं कळल्यावरही लावला नाही! काकू रोज गोळ्या घेते. २००४ पासून त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळायला लागल्या. तिच्या रक्तात विषाणू आता इतका कमी आहे की तपासणीत सापडत नाही. अशा माणसाकडून संबंधांतूनसुद्धा लागण होत नाही, मग कपाची काय कथा? मुलींना हे सगळं मीच सांगत होते, आणि घरी गेले की स्टीलच्या मांडणीतला कप घेत होते.

दिवाळीत गेले तेव्हा खिडकीतला कप उचलून चहा ओतून घेतला. काकू ओरडली, "अगं, तो माझा आहे!"

"माहितीय."

तिने पदराने उगाच ओटा पुसला. आजी काही बोलली नाही. संध्याकाळी बघते तर मांडणीतला माझा कपही गायब. आजीने तो खिडकीत नेऊन ठेवला होता.

सुट्टी संपेपर्यंत आम्ही दोघी तिथूनच चहा प्यायलो. परवा काकूचा फोन आला होता. खिडकीत अजून दोन कप आहेत म्हणाली, आणि आजी दोन्ही एकाच राखेने घासते.