माणगंगेच्या काठी चार दिवस

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे. तिथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुका आहे. तिथे पाचशे मिलिमीटर पडला, तरी माणसे वर्ष बरे गेले म्हणतात. आमचे गुरुजी या दुसऱ्या टोकाचे. जिल्हा परिषदेच्या नोकरीने त्यांना वसईत आणले, आणि बावीस वर्षे ते आमच्या वाडीतल्या दोन खोल्यांत राहिले. आमच्या थोरल्याच्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी पंगतीत वाढायला तेच पुढे होते. निवृत्तीनंतर ते म्हसवडजवळच्या आपल्या गावी परतले. तेव्हापासूनचे त्यांचे निमंत्रण गेल्या डिसेंबरात आम्ही उभयतांनी स्वीकारले.

फलटण सोडून मोगराळे घाट चढला की मुलूख पालटतो. उघडे माळ, बोडके डोंगर, मध्येच बाभळीची झुडपे, आणि या साऱ्यावर आमच्याकडे कधी दिसत नाही एवढे मोठे आकाश. दहिवडी गेली, गोंदवले गेले. गोंदवलेकर महाराजांच्या समाधीमुळे तिथे वर्दळ होती. म्हसवडला गुरुजी एस.टी. स्टँडवर हजर होते. डोक्यावर टोपी आली होती. वसईत ती कधी दिसली नव्हती.

पाहुण्यांना काय दाखवावे, याची यादी त्यांनी आधीच केली होती. सिद्धनाथाचे देऊळ आणि त्याचा रथ पाहून झाला. शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव पाहिला. चैत्रात भाविक खांद्यावर कावडी घेऊन मुंगी घाटाने चढतात, तो घाट वरून पाहताना आमचेच पाय लटपटले. पायथ्याचे तळे मालोजीराजे भोसल्यांनी बांधले. एवढ्या कोरड्या मुलखात राजाला देवासाठी काही करावेसे वाटले, आणि त्याने पाणी अडवले, हे आम्हांला फार योग्य वाटले.

आटपाडीच्या बाजूला गेलो, तेव्हा मास्तरकी जागी झाली. माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर, शेटफळ्यात जन्मलेले गदिमा, आटपाडीचे शंकरराव खरात. एवढ्याशा टापूत एवढे लेखक कसे, असे आम्ही विचारले. गुरुजी म्हणाले, "शेतात काही उगवत नाही, मग माणसांकडेच बघत बसायचे." 'बनगरवाडी' 1955 सालची. तिच्यातले ओसाड होत जाणारे गाव आम्ही पुस्तकात वाचले होते. इथे मात्र त्या गावाची नातवंडे-पतवंडे डाळिंबाच्या बागांत फवारणी करताना दिसली.

पण खरे पाहणे घरातच झाले. गुरुजींच्या आई पंच्याऐंशीच्या पुढच्या. हुलग्याचे माडगे आणि बाजरीची भाकरी वाढता वाढता त्यांनी 1972 चा दुष्काळ सांगितला. खडी फोडायला जायचे, दुपारी सुकडी मिळायची, पोराला झाडाच्या सावलीला निजवायचे. "हाताला घट्टं पडलं, पर भीक न्हाई मागितली," एवढेच त्या म्हणाल्या आणि आणखी एक भाकरी ताटात टाकली. नको म्हणायची सोय नव्हती.

वहिनींनी दुसऱ्या दिवशी आम्हांला माणदेशी महिला सहकारी बँक दाखवली. 1997 साली चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने ही बँक उभी राहिली. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते. बायका घरी बसल्या नाहीत. त्या शिकल्या आणि परवाना घेऊन आल्या. आमच्या पतपेढीच्या सभांना नित्य हजर असणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींनी तिथे इतके प्रश्न विचारले की आम्हांला बाहेर बाकावर बसून राहावे लागले.

आता पाण्याचे. 1993 मध्ये आटपाडीला पाणी परिषद भरली, तिथे नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारखे लोक उभे राहिले. तेव्हापासूनच्या झगड्यानंतर टेंभूचे पाणी आटपाडीला पोचले. इकडे जिहे-कठापूर योजनेने कृष्णेचे पाणी उचलून नेर तलावात आणि तिथून बोगद्याने आंधळी धरणात आणले. मधल्या काळात गावेही स्वस्थ नव्हती. 2018 च्या पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत पहिली आलेली टाकेवाडी याच तालुक्यातली.

गुरुजींच्या रानापर्यंत हे पाणी येण्याची चिन्हे आहेत, आणि त्यानेच घरात दोन तट पडले आहेत. एकुलता मुलगा तामिळनाडूत गलाईच्या धंद्यात आहे. सोने-चांदी गाळणारे असे तरुण या बाजूच्या घराघरांतून देशभर पांगले आहेत. त्याचा निरोप आहे, ऊस लावणार असाल तर मी परत येतो. म्हातारीला नातू हवा आहे, तरी ती उसाला राजी नाही. "एक ऊस धा बाजऱ्यांचं पाणी पितो," हे तिचे गणित. वहिनी काही बोलत नाहीत. त्यांनी मुलाची खोली मात्र रंगवून घेतली आहे.

गुरुजींनी आम्हांला मत विचारले. आम्ही आमच्या विहिरींविषयी सांगितले. 1980 नंतर टँकर दारात येऊ लागले, पाणी रोख पैसे देऊन जाऊ लागले, आणि पुढे कित्येक बावखलांचा तळ दिसला. गुरुजींना हे ठाऊक होते. त्यांनी ते आमच्याबरोबर राहूनच पाहिले होते. "पण तुमची पोरे घरात राहिली," ते म्हणाले. त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

निघताना आईंनी मटकीचे गाठोडे आमच्या हातात दिले आणि गुरुजींना ऐकू जाईल अशा आवाजात बजावले, "पाव्हणं, तुम्ही तरी सांगा ह्याला. पोरगं यील न्हाईतर न्हाई यील, बाजरी मोडू नगं म्हणावं."

गुरुजी हसले आणि आमची पिशवी उचलून पुढे चालू लागले. एस.टी.ला अजून वेळ होता. वाटेत त्यांनी आम्हांला ते रान दाखवले; बांधाच्या कडेने नव्या पाइपांची चळत लावून ठेवलेली होती, आणि शेजारच्या तुकड्यात बाजरीचे धसकट अजून तसेच उभे होते.