वीकेण्ड अहिल्याबाईंच्या गावात

शुक्रवारी रात्री पुण्याहून इंदूरची स्लीपर पकडा. सकाळी इंदुरात पोहे-जिलबी हाणा आणि तिथून साधारण ९० किलोमीटरवरचं महेश्वर गाठा. ‘पॅडमॅन’मध्ये पाहिलेला दगडी घाट दिसला की कॅमेरा बाहेर निघणारच. काढा फोटो. मग मात्र वर किल्ल्यात जा.

तिथे अहिल्याबाई होळकरांची गादी आहे. गादी म्हणजे अक्षरशः गादी, पांढरीशुभ्र, जमिनीलगतची. आपल्या बॉसची खुर्चीसुद्धा याहून भारी असते! चौंडीच्या पाटलांच्या या लेकीने १७६७ ते १७९५ माळव्याचा कारभार केला, तो इथून. काशी विश्वनाथाचं आजचं देऊळ (१७८०), सोमनाथचं देऊळ (१७८३), गयेचं विष्णुपद त्यांनी बांधून घेतलं. यातलं एकही गाव होळकरांच्या राज्यात नव्हतं. आणि पैसा दौलतीचा नाही, बाईंच्या खासगीतला.

कलेबाबत मात्र बाई कडक. संगमनेरचे शाहीर अनंतफंदी भेटीला आले, तेव्हा ‘तमाशा सोडा, कीर्तन करा’ असं त्यांनी सुनावलं म्हणतात, आणि फंदी खरंच कीर्तनाकडे वळले. सेन्सॉरशिपच की ही! मला लावणीवाले फंदीच जास्त आवडतात. सॉरी, बाई.

पण विणकरांना बाहेरून आणून इथे वसवलं तेही त्यांनीच. महेश्वरी साडीच्या काठावर नर्मदेच्या लाटा असतात. हा धंदा मधे पार बसला होता. १९७०च्या दशकाच्या शेवटी होळकर घराण्यातल्याच दाम्पत्याने रेवा सोसायटी काढली आणि माग पुन्हा चालू लागले. खटखट ऐकत एक साडी घेतलीच. बजेट बोंबललं.

संध्याकाळी नावेत बसले आणि वाचलेलं एक आठवलं. १७५४मध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव पडले, तेव्हा अहिल्याबाई सती जायला निघाल्या होत्या. सासऱ्यांनी, मल्हाररावांनी, थांबवलं. म्हणून तर पुढचं सगळं उभं राहिलं. १७९१मध्ये जावई गेला आणि लेक मुक्ताबाई सती जायला निघाली. आईने विनवलं, हातापाया पडली. लेकीने ऐकलं नाही. याच नदीकाठी, आईच्या डोळ्यांदेखत ती गेली. देशभर देवळं बांधणारी राणी, पण त्याच धर्माच्या नावाने चालणाऱ्या एका रूढीपुढे तिचं काही चाललं नाही. सासऱ्याचा शब्द सुनेने मानला, आईचा लेकीने नाही. याचं उत्तर मला तरी सुचलं नाही.

“मॅडम, चलें?” नावाड्याने विचारलं. म्हटलं, एक चक्कर अजून मारू.