वेलांटी आधी की अक्षर आधी

भाची बी.कॉम. झाली. काल विचारत होती, "मामा, मी आता नेमकं काय शिकू? जे शिकेन ते पाच वर्षांत मशीनच करायला लागलं तर?" पटकन उत्तर सुचलं नाही, म्हणून वही काढली. चाळीस वर्षांत माझं काम तीनदा बदललं. त्यातून जे हाती लागलं ते तिच्यासाठी टिपून ठेवतो.

*

१९८४. पुण्याच्या सदाशिव पेठेतला छापखाना, वय एकोणीस. डाव्या हातात जुळणीची स्टिक, उजव्या हाताने केसच्या, म्हणजे अक्षरांच्या पेटीच्या, खणातून खिळा उचलायचा. खिळ्यावरचं अक्षर उलटं, त्यामुळे ओळही उलटी वाचायची. जोडाक्षरं, रफार, उकार धरून मराठीचे खण ढीगभर. छपाई झाली की मजकूर सोडवून एकेक खिळा आपापल्या खणात परत टाकायचा. कंटाळवाणं काम, नवशिक्याच्या माथी यायचं. पण केस पाठ झाली ती त्यातूनच.

*

आमचे ज्येष्ठ जुळारी, अण्णा. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "जुळवतोस ते वाचतोस का? मजकूर कळल्याशिवाय चूक दिसायची नाही." हात खिळ्यांवर आणि लक्ष मजकुरात, ही सवय त्यांनी लावली. पुढे खिळे गेले, सवय राहिली. आजवर पोट भरलं ते तिच्यावर.

*

पुण्यातच १९८८ साली सी-डॅक सुरू झालं. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं मोठं काम तिथे झालं. आमच्या छापखान्यात संगणक आला १९९२ साली. सहा जुळाऱ्यांपैकी दोघे त्यावर बसलो, चौघे घरी गेले. ते चौघे आमच्यापेक्षा कमी नव्हते. अण्णा त्यांच्यातलेच. शुद्धलेखन अण्णांइतकं पक्कं असलेला माणूस मला पुन्हा भेटला नाही. पण अण्णांची पन्नाशी उलटली होती, दोन मुलं शिकत होती आणि क्लासला जायचं तर पगार बुडणार होता. मी तरलो, कारण माझं लग्न व्हायचं होतं आणि जेवण आईच्या हातचं होतं.

"सतत शिकत राहा" असं सांगणाऱ्याने शिकण्याच्या महिन्यांचा पगार कोण देणार, हेही सांगावं. तीन महिने भरपगारी मिळाले असते तर अण्णा उत्तम मुद्रितशोधक झाले असते. ही चुटपुट अजून जात नाही.

*

जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालाचा अंदाज: २०३० पर्यंत जगात १७ कोटी नवी कामं तयार होतील, ९ कोटी २० लाख जातील. वजाबाकी करून हायसं वाटतं. पण जातं ते अण्णांचं काम आणि येतं ते दुसऱ्याच कुणाचं. भाचीला सांगायचं: पहिल्या पगारापासून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला टाकायला लाग. शिकायला सवड मिळते ती त्याच पैशातून.

*

वेलांटीची गोष्ट. खिळ्यांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी बसवायची. माझ्या डीटीपीच्या फॉन्टमध्येही तसंच: आधी वेलांटीची कळ, मग अक्षर. कागदावर दिसतं त्या क्रमाने. २००८ साली युनिकोडवर इन्स्क्रिप्ट कळफलक शिकायला बसलो, तर क्रम उलटा. आधी द, मग वेलांटी. ती आपसूक द च्या अलीकडे जाऊन बसते. बोटांना चोवीस वर्षांचं वळण. 'दिवस' लिहायला जावं तर पडद्यावर वेलांटीपुढे ठिपक्यांचं वर्तुळ. दोन महिने हेच चाललं होतं. डोक्याला पहिल्याच दिवशी समजलं होतं, बोटांना वेळ लागला. म्हणून पहिल्या पंधरवड्यात "आपल्याला हे जमणार नाही" असा निकाल लावू नये.

*

तेव्हा जुन्या फॉन्टचं काम भरपूर होतं. तरी शिकायला बसलो, कारण आमची फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसायची, आणि गिऱ्हाईक मजकूर वेबसाइटसाठी मागू लागलं होतं. इशारे असे रोजच्या कामातच मिळतात. काम आटल्यावर शिकायला बसलं की भीती शिकू देत नाही.

*

र. कृ. जोशी. सुलेखनकार, जाहिरात क्षेत्रात मुरलेले, मग आयआयटी मुंबईत शिक्षक. विंडोजवरचा 'मंगल' फॉन्ट त्यांचा. बोरू-कुंचल्याने घडलेली अक्षराची जाण त्यांनी संगणकात नेली. साधन पार बदललं, नजर तीच कामी आली.

*

आता तिसरा बदल. टंकनाचं काम जवळपास संपलं. मजकूर बोलून उतरतो, जुनं पान फोटोवरून वाचलं जातं. मागच्या महिन्यात अशाच एका उतरवलेल्या मजकुरात 'आचाऱ्यांचा सत्कार' होता. हवं होतं 'आचार्यांचा'. दोन्ही शब्द शुद्ध, तेव्हा तपासणीत लाल रेघ आली नाही. सत्कार वेदान्ताच्या अभ्यासकाचा आहे हे वाचणाऱ्यालाच कळतं. 'दिन' आणि 'दीन' यांचंही तसंच.

*

भाचीसाठी. कागदावर हिशेबाच्या कामाचे तुकडे पाड आणि प्रत्येकापुढे लिही: हात, नजर की माणूस. बिलांची टॅलीत नोंद हे हाताचं काम. ते आधी जाईल. दुकानाची खरेदी दुप्पट झाली, विक्री मात्र जागच्या जागी, हे खटकणं नजरेचं. मालकाला ते न दुखावता सांगणं हे माणसाचं. शिकताना कल शेवटच्या दोन्हींकडे ठेव.

*

पण एक अडचण आहे आणि तिची मला खरी काळजी वाटते. नजर तयार होते ती हाताच्या कामातूनच. खिळे परत टाकले नसते तर मला केस कळली नसती. नवशिक्यांचं हे काम यंत्राने उचललं तर त्यांची नजर कशी तयार होणार? मला एकच उपाय दिसतो: थोडं काम मुद्दाम हाताने करायचं. पहिलं वर्षभर दर महिन्याला एका दुकानाचे हिशेब कागदावर स्वतः मांड, मगच यंत्राचे बघ आणि दोन्ही ताडून पाहा. पगार थोडा कमी मिळाला तरी चालेल, पण हे करू देणारं आणि चुका दाखवणारं कुणी आहे अशाच ऑफिसात जा.

*

या टिपणांची टंकलेली प्रत तिला पाठवतो आहे. रात्र झाली. थकलो की आजही बोट आधी वेलांटीकडेच जातं. मग ती खोडायची, अक्षर टाकायचं आणि वेलांटी द्यायची.