नंबर माझा होता

2003 साली महाराष्ट्रातलं, दोंडाईच्याजवळचं गाव सोडून मी गुजरातेत, सुरतजवळच्या चलथाणला आलो. कडोदऱ्याच्या एका कापड मिलमध्ये हिशेबाचं काम मिळालं आणि त्याच वर्षी पहिला मोबाइल घेतला. 1 मेपासून आलेल्या फोनचे पैसे लागणं बंद झालं होतं, म्हणून तो मला परवडला. तेव्हाचा नंबर आजही माझ्याकडे आहे. कंपनी मात्र 2025 च्या जूनमध्ये बदलली, बावीस वर्षांनी.

इतकी वर्षं मी कंपनी बदलण्याच्या विरोधात होतो. दुसरं कुणी बदलायला निघालं, तर त्यालाही अडवायचो. ते चुकलं, एवढंच इथे सांगायचं आहे.

गावात आमच्या घरचा किराणा तीन पिढ्या एकाच वाण्याकडून आला. बहात्तरच्या दुष्काळात त्याने उधारी थांबवली नाही, म्हणून आमच्या आबांनी पुढे जन्मात दुसऱ्या दुकानाची पायरी चढली नाही. तोच न्याय मी मोबाइल कंपनीला लावला. 20 जानेवारी 2011 पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर झाली. मिलमधल्या पोरांनी धडाधड कंपन्या बदलल्या. मला ते हलकेपणाचं वाटलं. जुन्या गिऱ्हाइकाची कदर असते, असं मी छातीठोकपणे सांगायचो.

सुरत-भुसावळ या तापी लाइनने गावी जाणाऱ्यांना नवापूर चांगलं ठाऊक आहे. स्टेशनाचा काही फलाट गुजरातेत, काही महाराष्ट्रात. पूर्वी तिथून पुढे गाडी गेली की रोमिंग लागायचं आणि आलेल्या फोनचेही पैसे कापले जायचे. त्यासाठी आम्ही खिशात दोन सिमकार्डं बाळगायचो, एक गुजरातचं आणि एक महाराष्ट्राचं. एवढा पैसा गेला, पण कंपनीचा राग कधी आला नाही. तो जगाचा नियमच आहे, असं वाटायचं.

2019 मध्ये शेजारच्या खोलीतला, मूळचा शिंदखेड्याकडचा एक लूम कामगार माझ्याकडे आला. मीटरवर मजुरी, घरी पैसे पाठवायचे, रिचार्ज जड जातोय, दुसऱ्या कंपनीत जाऊ का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं. नंबर मध्येच बंद पडला तर बँकेचे संदेश येणार नाहीत, घरचे घाबरतील, अशी भीती घातली. मला नीट माहिती नव्हती, तरी घातली. हिशेब लिहिणारा माणूस सांगतोय म्हणून त्याने ऐकलं.

जुलै 2024 मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हाही मी मुकाट्याने भरत राहिलो.

मन फिरलं ते 2025 च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. बहिणी माहेरी आल्या होत्या. ओट्यावर बसून मी मायच्या फोनचा रिचार्ज मारत होतो, तेव्हा तिने विचारलं, "मना फोनमा इतला पैसा कसाले टाकस रे?" तिचा फोन बटणांचा. इंटरनेट कशाशी खातात हे तिला माहीत नाही, आणि मी दर 28 दिवसांनी तीनशेच्या आसपासचा, रोज दीड जीबीचा प्लॅन टाकत होतो. मग कागद घेतला. 28 दिवसांचा महिना धरला की वर्षाला तेरा रिचार्ज होतात. जवळपास चार हजार रुपये, आणि त्या प्लॅनमधला एकही एमबी वापरलेला नाही. दुसऱ्याच्या पैशाचा रोज ताळा जुळवणाऱ्या मला हा हिशेब माय विचारेपर्यंत सुचला नव्हता.

मग शोध घेतला. 2022 च्या जानेवारीत दूरसंचार नियामक ट्रायने प्रत्येक कंपनीला निदान एक प्लॅन 30 दिवसांचा ठेवायला लावला होता. डिसेंबर 2024 मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं: ज्यांना फक्त बोलायचं आणि संदेश पाठवायचे आहेत, त्यांच्यासाठी इंटरनेट नसलेले प्लॅन काढा, आणि त्यांची मुदत 90 दिवसांवरून 365 दिवसांपर्यंत नेता येईल. मायच्याच कंपनीकडे वर्षभराचा तसा प्लॅन दोन हजारांच्या आत मिळाला. तिची कंपनी मी बदलली नाही, कारण गावात स्वयंपाकघरापर्यंत पोचणारी रेंज तेवढी एकच आहे.

चलथाणला परतल्यावर स्वतःचा फोन पाहिला. रोजच्या दोन जीबीपैकी अर्धा जीबीही संपत नव्हता. माझ्या वापराला पुरेसा आणि स्वस्त प्लॅन दुसऱ्या कंपनीकडे होता. सहकाऱ्याचं त्या कंपनीचं सिम मिलच्या पत्र्याच्या शेडमध्ये, घरी आणि स्टेशनावर चालवून पाहिलं, आणि मग 'पोर्ट' लिहून पुढे नंबर टाकून 1900 ला संदेश पाठवला. आठ अक्षरांचा कोड आला. तो चार दिवस चालतो. आधीच्या कंपनीत 90 दिवस झालेले असले पाहिजेत, ही एक अट.

त्याच संध्याकाळी जुन्या कंपनीचा फोन आला. मी सोडून जाऊ नये म्हणून त्यांनी एक प्लॅन देऊ केला, आणि तो माझ्या चालू प्लॅनपेक्षा बराच स्वस्त होता. मी विचारलं, हा आधी का नाही सांगितला? तो सगळ्यांसाठी नसतो, असं उत्तर मिळालं.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पैशाचं दुःख कमी होतं. सवलत होती, पण ती निघून जाणाऱ्यासाठी राखून ठेवलेली होती. बावीस वर्षं राहिलेल्याला ती कुणी दाखवली नाही. आबांच्या वाण्याला आमची सगळी माणसं नावानिशी ठाऊक होती, आणि अडीअडचणीला त्याने स्वतः झळ सोसली होती. त्याच्यावरची निष्ठा मी अशा ठिकाणी वाहिली, जिथे तिची नोंदच होत नव्हती.

कोड आणि आधार घेऊन दुकानात गेलो. एकाच सर्कलमध्ये, म्हणजे एकाच दूरसंचार विभागात, तीन कामाचे दिवस लागतात, वेगळ्या सर्कलमध्ये पाच. माझा फोन एका रात्री काही तास बंद राहिला, सकाळी सुरू झाला. बँकेचं काहीही अडलं नाही. सहा वर्षांपूर्वी मी जी भीती घातली होती, ती एवढीच निघाली.

तो लूम कामगार अजून त्याच खोलीत राहतो. रविवारी त्याच्याकडे गेलो. माझा सल्ला चुकीचा होता, मला माहिती नसताना मी बोललो, हे त्याला त्याच्या मुलांसमोर सांगितलं. मग दोघांनी बसून त्याचा वापर पाहिला, रेंज तपासली, आणि त्याच्या फोनवरून 1900 ला संदेश पाठवला. आता त्याला महिन्याला शंभरेक रुपये कमी लागतात.

मायचा रिचार्ज पुढच्या आखाजीपर्यंत चालेल.