परतीची वाट

परतीचा दिवस सहलीच्या जमेस धरावा की खर्चाच्या बाजूस टाकावा, हे मला आजवर ठरविता आलेले नाही. सामान बांधलेले असते, हिशेब चुकते झालेले असतात आणि मन अर्धेअधिक घरी पोहोचलेले असते. तरीही पाहण्याजोगे जे असते ते पुष्कळदा याच दिवशी दिसते. गेल्या हिवाळ्यात हनुवंतियाला आम्हां उभयतांना व पुण्याहून आलेल्या नातवाला असाच अनुभव आला.

खंडवा जिल्ह्यातले हे ठिकाण आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे आहे. २०१६ साली तेथे पहिला जलमहोत्सव भरला आणि नर्मदेवरील इंदिरा सागर धरणाचा जलाशय निमाडच्या सुट्ट्यांचा विषय झाला. दोन दिवस आम्ही मनसोक्त नौकाविहार केला. पलीकडचा काठ दृष्टीस पडू नये, असे ते पाणी. तिसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी अखेरची एक फेरी हवीच, असा नातवाचा हट्ट होता.

बोट बरीच आत गेल्यावर त्याने नावाड्याला सहज विचारले, "इथे खाली काय आहे?" निमाडी वळणाच्या हिंदीत तो उत्तरला की, खाली गावे आहेत, त्याच्या आजोबांचे शेतही इथेच कुठेतरी असेल. मग त्याने हात लांब करून देऊळ कोठे होते, चिंचेचे झाड कोठे होते, हे दाखविले. आम्हाला सगळीकडे सारखेच पाणी दिसत होते. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. पत्ता सांगावा तसे तो सांगत होता.

या धरणाची पायाभरणी २३ ऑक्टोबर १९८४ रोजी झाली. ६५३ मीटर लांब व ९२ मीटर उंच अशा या भिंतीमागे सुमारे अडीचशे गावे आणि हरसूद हे नांदते शहर बुडीत क्षेत्रात आले. २८ सप्टेंबर १९८९ रोजी त्याच हरसूदला विराट मेळावा भरला होता आणि आपले बाबा आमटे त्यात सहभागी झाले होते. पुढे ३० जून २००४ ही शहर रिकामे करण्याची अखेरची तारीख ठरली. लोकांनी आपली घरे आपल्याच हातांनी पाडली. दारे, चौकटी, कौले गाड्यांत भरून नेली. छनेऱ्याजवळ नवे हरसूद वसले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या हरसूदचे अवशेष उघडे पडतात आणि तेथली माणसे आपला उंबरठा शोधायला जातात. धरणाची वीज एक हजार मेगावॅटची आहे. तिचा लाभ घेणाऱ्यांत आपणही आहोत, हे विसरून या हकिगतीवर हळहळण्यात प्रामाणिकपणा नाही.

दुपारी आम्ही मुंदीमार्गे खंडव्याला आलो व तेथून बुऱ्हाणपूरच्या वाटेला लागलो. इतका वेळ गप्प बसलेल्या नातवाने विचारले, "आजोबा, आपलं गाव कोणतं हो?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. कुलदैवत कोकणात, आडनाव देशावरचे आणि सात पिढ्यांची राख तापीत! १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर बुऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले. तेव्हापासून कुणी चाकरीने, कुणी व्यापाराने, पुढे कुणी रेल्वेने येथे आले. मध्य प्रांतात हे शहर होते तोवर नागपूर आपली राजधानी होती आणि हिंदीबरोबर मराठीही राजभाषा होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला, निमाड मध्य प्रदेशातच राहिला. घराचा उंबरठा न ओलांडता आपण परप्रांतीय झालो! या दुःखाचे आपण अधूनमधून कौतुकही करतो. पण आपला उंबरठा जागेवर राहिला. त्या नावाड्याला तेवढेही लाभले नाही.

असीरगड मागे पडला. लालबागेजवळ मी मुद्दाम गाडी थांबविली आणि नातवाला कुंडी भंडारा दाखविला. १६१५ साली अब्दुल रहीम खानखाना येथे सुभेदार असताना इराणी जाणकाराच्या सल्ल्याने हा भूमिगत कालवा खोदला गेला. सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारे पाणी शंभराहून अधिक कुंड्या एकमेकींना जोडून केवळ उताराच्या बळावर शहरात आणले. मोट नाही, पंप नाही. खानखानाही परगावचा आणि तो जाणकार तर परदेशचा. दोघांचीही गावे दुसरी होती. त्यांनी येथे केलेली पाण्याची सोय मात्र चारशे वर्षे येथल्या लोकांच्या मुखी पडली.

कुंडीच्या काठावरून वाकून पाहत नातू म्हणाला, "म्हणजे याच्याखालीसुद्धा पाणी आहे, पण वर गाव आहे." इतक्या नेमक्या शब्दांत मला ते सांगता आले नसते.

मग मी त्याला उत्तर दिले की, आपले गाव बुऱ्हाणपूर. मूळ गावाचे नाव कुळाच्या वहीत आहे, ते त्याला दाखविलेही. त्याच रात्री नावाड्याने सांगितलेल्या गावाचे नाव त्याने आपल्या वहीत उतरविले, शेजारी चिंचेचे झाड काढले. आपली घराणी वंशावळी जपण्यात तरबेज आहेत. निमाडात आपल्या शेजारी नांदलेल्या आणि आता पाण्याखाली असलेल्या गावांची नावेही त्या वह्यांत उतरवून ठेवायला हवीत. ती सांगणारी माणसे अजून आहेत, तोवर हे काम होण्यासारखे आहे.