कफील मिळाला का?

"कफील मिळाला का?" आमच्या एका माजी विद्यार्थिनीच्या दादी गेल्या हिवाळ्यात तिला रोज हेच विचारीत. कोकणातल्या आमच्या भागात हा शब्द घरोघरी ठाऊक आहे. मुलीचे अब्बा अठरा वर्षे कुवेतला. कफील म्हणजे व्हिसा देणारा; नोकरी, सुट्टी, कधी कधी पासपोर्टसुद्धा त्याच्या हातात. मुलीने घरी एवढेच सांगितले होते की, मला स्पॉन्सर हवाय. दादींनी लावलेला अर्थ तसा फार दूरचा नव्हता. बीएड होऊन वीस वर्षे शिकवणाऱ्या आम्ही मात्र विचारले, "किती पैसे लागतील?"

पैसे लागणार नव्हते. आमच्या शाळेत सहा जुने संगणक आहेत आणि त्यांवर डेबियन चालते. १९९३ मध्ये इयन मर्डॉक नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने ही कार्यप्रणाली सुरू केली. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन, अशी दोन नावे जोडून 'डेबियन'. ती फुकट मिळते आणि जगभरचे स्वयंसेवक ती सांभाळतात. २०२३ च्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजेस होती. पॅकेज म्हणजे नीट बांधून ठेवलेला प्रोग्राम : सोबत तो कोणी लिहिला, कोणत्या परवान्याखाली दिला, चालायला आणखी काय लागते, याचे कागद. मग कुठल्याही शाळेने एक आज्ञा टाईप केली की तो आपोआप बसतो.

मुलीने शाळेसाठी एक छोटा खेळ केला होता. पडद्यावर उर्दू शब्द येतो, मुलांनी मराठी अर्थ निवडायचा, नंतर उलट. शब्द आमचे. आमच्या वह्यांतली बाराशे शब्दांची यादी आम्ही मोठ्या कौतुकाने तिला दिली होती. हा खेळ पेनड्राइव्हवर फिरवण्यापेक्षा डेबियनमध्येच जावा, अशी तिची इच्छा.

पण तिथे थेट पाठवण्याचा अधिकार जगभरातल्या हजारेक सदस्यांनाच आहे. नवख्याने पॅकेज तयार करायचे, तपासणीच्या प्रोग्राममधून काढायचे, मग कोणीतरी ते पाहावे म्हणून विनंती नोंदवायची. गंमत अशी की डेबियनमध्ये या विनंतीचीही नोंद 'बग' म्हणूनच होते, तिला क्रमांक मिळतो. एखाद्या सदस्याला ती पसंत पडली तर तो सगळे उघडून वाचतो, आपल्या संगणकावर बांधून बघतो आणि आपल्या डिजिटल सहीने वर पाठवतो. सांभाळणारी म्हणून नाव नवखीचेच राहते. सही मात्र त्याची.

अकरा आठवडे कोणी फिरकले नाही. आम्ही चिडलो. फुकट दिलेली वस्तू घ्यायलाही यांना वेळ नाही? तेव्हा तिने आम्हांला २०२४ च्या मार्चमधली गोष्ट सांगितली. एक्सझेड नावाचे फाइली आवळून लहान करणारे एक साधन आहे, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते. त्याचा भार एका थकलेल्या स्वयंसेवकावर होता. एका अनोळखी माणसाने दोन वर्षांहून अधिक काळ मदत करून त्याचा विश्वास मिळवला आणि आत चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असे जाणवले, त्याने माग काढला आणि सगळे बाहेर आले. तोवर ते डेबियनच्या चाचणीच्या आवृत्त्यांत शिरले होते. सर्वसामान्यांच्या स्थिर आवृत्तीत पोचले नव्हते. "मॅडम, मला तरी कोण ओळखतं तिथं?" ती म्हणाली.

बाराव्या आठवड्यात परदेशातल्या एका सदस्याचे उत्तर आले. चौदा मुद्दे. वर्णनातले वाक्य अर्धवट आहे, अमुक फाइल दोनदा आली आहे, नेटशिवाय बांधले तर अडते. आम्ही वह्या तपासतो त्याहून बारीक, आणि लाल शाईचा राग कुठेच नाही. तेरा मुद्दे तिने चार दिवसांत उरकले. चौदावा असा : ही शब्दयादी कोणी तयार केली, आणि ती वाटण्याची परवानगी कोणाची?

ती यादी घेऊन आमच्या घरी आली. आम्ही कपाटातला शब्दकोश काढला आणि गप्प झालो. निम्म्याहून थोडे कमी अर्थ त्यातूनच शब्दशः उतरवलेले. वर्गात फळ्यावर लिहायला काढले होते, पुढे ते आमचेच वाटू लागले. शब्दकोश अजून छापला जातो, हक्क प्रकाशकाचे. निबंध उतरवून आणणाऱ्या मुलांना बाकावर उभे करणारे आम्ही!

खरे सांगायचे तर आम्ही म्हणालो, "लिहून टाक, मॅडमनी तयार केली. तिकडं कोणाला मराठी कळतंय?"

तिने यादीची घडी घातली. मान वर न करता म्हणाली, "मॅडम, त्याला कळत नाही म्हणूनच तो विचारतोय. सही त्याची जाणार आहे."

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही, असे लिहिले तर शोभेल. लागली, पण उशिरा. सकाळी फोन करून तिला सांगितले की सगळे उतरवलेले अर्थ काढ. पाचशेवर शब्द गेले. मग दीड महिना शाळा सुटल्यावर नववीच्या मुलींना घेऊन बसलो. शब्दकोश कपाटातच कुलूपबंद. 'दहलीज'ला उंबरठा लगेच सापडला. 'तकल्लुफ'वर तीन दिवस गेले. एक म्हणाली संकोच, दुसरी म्हणाली औपचारिकता, तिसरी म्हणाली, पाहुण्याने पोट भरलं म्हणून खोटं सांगणं. शेवटी संकोच ठेवला, पण तिसरीचे आमच्या वहीत आहे. पाचशेच्या जागी तीनशे चाळीसच भरले. परवान्याच्या कागदावर आता आमचे आणि त्या अकरा मुलींचे नाव आहे, प्रत्येकीच्या पालकांना विचारून.

सदस्याने पुन्हा पाहिले, एक स्वल्पविराम दुरुस्त करायला लावला आणि सही केली. आता नव्या पॅकेजांच्या रांगेत परवान्यांची आणखी एक तपासणी व्हायची आहे. तिथे किती दिवस लागतील ते आम्ही विचारीत नाही.

सही झाल्याचे कळले तेव्हा आम्ही त्यांच्या ओटीवरच होतो. दादींनी विचारले, "मग कफील घेणार काय?"

"काही नाही, दादी."

"पगारातून कापणार?"

"पगारच नाहीये."

दादींनी आमच्याकडे पाहिले. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. कागद एकदा नीट वाचा."