ऐकावयाची कादंबरी

ज्या पुस्तकाच्या आवृत्तीमागून आवृत्त्या निघतात, त्याच्या वाट्याला सुशिक्षित घरांत एक निराळीच उपेक्षा येते. त्याची निंदा कोणी करीत नाहीं. ‘लोकांना आवडतें बुवा!’ एवढें म्हणून तें कपाटांत मागच्या रांगेला सारलें जातें. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’ या कादंबरीची आमच्या भंडाऱ्याच्या एकत्र कुटुंबांत अशीच व्यवस्था झाली होती.

त्याला कारणेंही होतीं. ही कादंबरी १९६७ सालीं निघाली. कर्ते कोल्हापूरच्या एका शाळेंत शिक्षक. वय जेमतेम २७. त्याच सालीं इरावतीबाई कर्वे यांचें ‘युगान्त’ आलें. दुर्गाबाई भागवतांचें ‘व्यासपर्व’ १९६२ पासून घरांत होतें, आणि भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाल्याचें कौतुक ताजें होतें. अशा वाचनाची संवय जडलेल्यांना अलंकारांनीं लवलेला हा जाडजूड ग्रंथ कसा रुचावा? भर सभेंत द्रौपदीचीं वस्त्रें उतरावयास सांगणारा कर्ण तो हाच का, असा आमच्या काकांचा सवाल असे. मलाही तो बिनतोड वाटे. शिवाय जो तो स्तुति करतो म्हणून पुस्तक हातीं धरण्याचा मला मुळांतच कंटाळा.

१९८३ च्या पावसाळ्यांत आत्याच्या डोळ्यांतील मोतीबिंदू काढला आणि कांहीं आठवडे तिला वाचनाची मनाई झाली. चातुर्मासांत श्रीधराचा ‘पांडवप्रताप’ वाचण्याचा तिचा नेम. मी पोथी घेऊन बसलों, तों ती म्हणाली, “अरे, पोथी मला निम्मी पाठ आहे. ती कर्णाची कादंबरी आण. आळींतल्या सगळ्या बायकांची वाचून झाली.”

आत्याचा शब्द मोडणें मला शक्य नव्हतें. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं ओसरीवर वाचन सुरू होई. बाहेर रोवणीचे दिवस, पावसाची झड लागलेली. धाकट्या काकू तांदूळ निवडीत बसत. मुलें पेंगत पेंगत ऐकत. काका आंतल्या खोलींत दिवा लावून स्वतःचें वाचीत. चौथ्या रात्रीं त्यांची खुर्ची उंबऱ्यापाशीं आली.

मोठ्यानें वाचतांना या ग्रंथाची घडण ध्यानांत येऊं लागली. त्याचे भाग नऊ आणि बोलणारीं माणसें सहा. कर्ण चार वेळां बोलतो. कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण एकेकदां. प्रत्येकजण आपलें मन आपल्या तोंडानें उघडें करतो. डोळ्यांनीं वाचतांना ज्या उपमा एकीवर एक रचल्यासारख्या वाटतात, त्याच कानांवर पडतां पडतां ऐकणाराला चित्र पाहावयास उसंत देतात. कीर्तनकार दृष्टान्तावर दृष्टान्त देतो तो याचसाठीं. आम्ही ज्याला दोष म्हणत होतों, तो ओसरीवर गुण होऊन बसला.

कुंतीनें पेटी अश्वा नदींत सोडली. ती चर्मण्वतींत, तेथून यमुनेंत आणि पुढें गंगेंत जाऊन चंपानगरीला लागली, असा वनपर्वांतील मार्ग आहे. त्या पेटीची कथा आली त्या आठवड्यांत आमच्या वैनगंगेला पूर होता. पुराबरोबर काय काय वाहत जातें, हें भंडाऱ्याच्या माणसाला निराळें सांगावें लागत नाहीं. त्या रात्रीं तांदळाचें सूप मध्येंच थांबलें.

पुढें श्रीकृष्ण कर्णाला त्याचें जन्मरहस्य सांगतो आणि राज्य समोर असतांही कर्ण राधेचाच राहतो, तो प्रसंग आला. आत्यानें मला थांबविलें. “हें व्यासांत आहे, कीं यानें पदरचें घातलें?”

दुसऱ्या दिवशीं वाचनालयांतून महाभारताचें भाषांतर आणून मीं उद्योगपर्व काढलें. तेथें कर्ण श्रीकृष्णाला स्पष्ट सांगतो: मला पाहतांच मायेनें राधेला पान्हा फुटला, तिनें माझें मलमूत्र काढलें, तिच्या पिंडाचा लोप मी कसा करूं? हें मीं आत्याला वाचून दाखविलें. मी नऊ महिन्यांचा असतां माझी आई गेली आणि तरुणपणींच माहेरीं परतलेल्या या आत्यानें मला वाढविलें. ती पुष्कळ वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “वाच पुढें.” माझा आवाज मात्र ताळ्यावर यावयास थोडा वेळ लागला.

काकांचा सवाल आजही उभा आहे. द्यूतसभेंतील कर्णाचें वर्तन कोणत्याही उपमेनें धुऊन निघत नाहीं. कांहीं वर्णनें आखडतीं घेतलीं असतीं तर बरें, हेंही खरें. परंतु वडिलांच्या नांवाऐवजीं आईच्या नांवानें ओळखलें जाण्यांत धन्यता मानणारा मुलगा घराघरांत कां आवडला, याचें उत्तर मला मिळालें. १९९४ सालीं या ग्रंथाला मूर्तिदेवी पुरस्कार मिळाला, तेव्हां काकांनींच ती बातमी आत्याला वाचून दाखविली.

ज्या घरीं ‘मृत्युंजय’ अद्याप मागच्या रांगेंत असेल, त्यांनीं तो एकट्यानें चाळूं नये. चार माणसें जमवावीं, त्यांत एखादें वृद्ध माणूस अवश्य असावें, आणि रोज थोडा थोडा मोठ्यानें वाचावा.